नदीकाठचं जुनं इंग्लिश चर्च वाचायचं कसं (इफलीच्या निमित्ताने)

इंग्लंडमधे मुलाकडे-मुलीकडे चार-सहा महिने राहायला आलात किंवा इथेच नोकरीला असाल तर एक कार्यक्रम ठरलेला असतो, शनिवारी नदीकाठाने चालायला जायचं, पबमधे चिप्स खायच्या आणि वाटेत एखादं जुनं चर्च लागलं की आत डोकावून "वा, किती शांत आहे ना" म्हणायचं आणि दोन मिनिटात बाहेर. मी स्वतः तीन-चार वर्षं हेच केलंय. मग एकदा पुण्याहून पाहुणे आलेले असताना एका गावातल्या चर्चमधे मी मोठ्या ऐटीत त्यांना सांगितलं की हा दगडी फॉन्ट बघा, बाप्तिस्म्याचं पाणी ठेवायचा, बाराव्या शतकातला आहे, आणि शेजारी फुलं मांडत असलेल्या एक आजी अगदी प्रेमाने म्हणाल्या, नाही गं, तो माझ्या पणजीच्या वेळी बसवलाय. पाहुणे हसले. मी पण हसले, पण घरी येऊन झोप लागली नाही.

त्यानंतर जे शिकले ते इथे लिहितेय. गाइडच्या पाट्या, पत्रकं वगैरे असतातच, पण ती वाचण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघता आलं तर मजा वेगळीच. आणि पहिली गोष्ट म्हणजे "हे चर्च किती जुनं" हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याला एक उत्तर नसतंच. आठशे वर्षं वापरात असलेली इमारत आहे, प्रत्येक पिढीने तिच्यात काहीतरी फोडलंय, काहीतरी चिकटवलंय. म्हणून विचारायचं असं की इथे काय बदललं, कधी बदललं आणि पैसे कोणी दिले. हे तीन प्रश्न खिशात ठेवून फिरा, बाकी सगळं आपोआप येतं.

उदाहरणाला मी ऑक्सफर्डजवळच्या इफली गावातलं सेंट मेरीज चर्च घेतेय, कारण तिथे जाणं सोपं आहे आणि ते शिकायला उत्तम आहे. ऑक्सफर्डच्या फॉली ब्रिजवरून टेम्सच्या काठाने, म्हणजे इथे तिला आयसिस म्हणतात, खालच्या दिशेने चालत सुटायचं, कॉलेजांची बोटहाउसं मागे टाकायची, डॉनिंग्टन ब्रिजखालून जायचं आणि साधारण अडीच किलोमीटरवर इफली लॉक लागतं (लॉक म्हणजे बोटी वर-खाली न्यायला नदीत बांधलेला दारांचा हौद). पायवाट पश्चिम काठाने आहे आणि चर्च पूर्वेला, त्यामुळे लॉकवरूनच पलीकडे जायचं. हिवाळ्यात नदीला पाणी चढलं की ही पायवाट चक्क बुडते, तेव्हा निघण्याआधी एनव्हायर्नमेंट एजन्सीच्या साइटवर पुराचा इशारा बघून घ्या, नाहीतर माझ्यासारखे गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट घेऊन देवळात, आपलं चर्चमधे, शिराल.

बरोबर काय न्यायचं तर छोटी दुर्बीण (असली तर), टॉर्च म्हणजे मोबाइलचा चालतो, वही, आणि दानपेटीसाठी थोडे पैसे, हल्ली कार्ड टॅप करायचं यंत्र पण असतं पुष्कळ ठिकाणी. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना फिरायला जाऊ नका, ते बरं दिसत नाही.

आधी नदीकडे बघा

चर्चच्या आधी पाच मिनिटं लॉकवर उभे राहा. नदीकाठच्या चर्चची अर्धी गोष्ट नदीतच असते. गाव तिथे का वसलं, तर गिरणीसाठी पाणी, मासे आणि ओझं वाहायला बोटी. इफलीचं लॉक हे टेम्सवरच्या पहिल्यावहिल्या पाउंड लॉक्सपैकी, म्हणजे दोन दारांमधे पाणी अडवणाऱ्या लॉक्सपैकी, एक, 1630 च्या दशकात ऑक्सफर्डपर्यंत बोटी आणता याव्यात म्हणून बांधलेल्या तीन लॉक्समधलं. त्याच्याआधी काय होतं तर बंधाऱ्यात एक फट ठेवायची, ती उघडली की पाण्याच्या लोंढ्याबरोबर बोट खाली घसरायची आणि वर यायचं असेल तर दोर लावून ओढायची. गिरणीवाल्यांना पाणी हवं आणि बोटवाल्यांनाही पाणी हवं, त्यामुळे भांडणं ठरलेली. इथे एक जुनी गिरणी होती, चित्रकारांची आणि फोटोवाल्यांची फार लाडकी, ती 1908 मधे जळून गेली. तिच्या आठवणीला जात्याचा दगड आहे तिथे, तो शोधा.

आता मान वर करून बघा, चर्च चढावर आहे. सगळीकडे हे बघायचं, चर्च पुराच्या रेषेच्या किती वर आहे. गावातली घरं कुठेही असोत, पण चर्च बांधणाऱ्यांनी सगळ्यात कोरडी जागा घेतलेली असते. जिथे ते जमलं नाही तिथे आत भिंतीवर नाहीतर दाराच्या खांबावर पुराच्या खुणा कोरलेल्या सापडतात, टेम्सच्या काठी असाल तर नोव्हेंबर 1894 आणि मार्च 1947 हे दोन आकडे डोक्यात ठेवा, दोन्ही मोठे पूर.

आत जायचं नाही अजून

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. थेट दार ढकलून आत जाऊ नका, आधी बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा घाला. जुनी चर्चेस पूर्व-पश्चिम असतात, वेदी पूर्वेला. पश्चिमेच्या बाजूने सुरुवात करा.

आपल्याला समजायला सोपं करून सांगते, नेव्ह म्हणजे सभामंडप, लोकांची जागा, आणि चॅन्सेल म्हणजे गाभारा, पाद्र्याची जागा. इफलीत नेव्ह, मधे चौकोनी टॉवर आणि पुढे चॅन्सेल हे सगळं एका ओळीत आहे, आगगाडीच्या डब्यांसारखं, बाजूला काही वाढवलेलंच नाही. ही महत्त्वाची खूण आहे. गावाची लोकसंख्या वाढली, पैसा आला की लोक नेव्हची भिंत फोडून बाजूला एकेक ओवरी जोडायचे. इफलीत तसं झालं नाही म्हणून 1160-70 च्या सुमाराचं नॉर्मन (म्हणजे 1066 मधे फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांच्या शैलीतलं) चर्च जवळजवळ त्याच आराखड्यात उरलंय. गाव फार श्रीमंत झालं नाही हे आपलं नशीब म्हणायचं! सेंट रेमी नावाचं जहागीरदार घराणं होतं इथे, त्यांनी हे बांधलं. एवढ्याश्या गावाला एवढं नक्षीकाम कशाला याचं उत्तर तिथेच आहे, हे गावाच्या पैशाचं काम नाही, जमीनदाराच्या हौसेचं काम आहे.

पश्चिमेचा दरवाजा मात्र निवांत बघा. गोल कमानी एकात एक, त्यावर नागमोडी झिगझॅग नक्षी, आणि चोचवाली मुंडकी, दोन-दोन रांगा, पक्षी म्हणावं की राक्षस ते कळत नाही, सगळ्यांनी खालचा गोल दांडा चोचीत धरलाय. सगळ्यात बाहेरच्या पट्टीत राशी आहेत, हो, आपल्याच मेष-वृषभ वाल्या, आणि त्यांच्या जोडीला शुभवर्तमान लिहिणाऱ्यांची चिन्हं. माझ्या सासूबाई तिथे वीस मिनिटं उभ्या होत्या आपली रास शोधत. चर्चमधे राशी कशा असं त्यांना वाटलं, पण त्या काळी वर्षाचं चक्र दाखवायला राशी सर्रास कोरायचे, शेतीची कामं आणि राशी जोडीनेच यायची.

आणि आता गंमत. दरवाज्याच्या वर जी मोठी गोल खिडकी दिसते, जिचा सगळे फोटो काढतात आणि "बाराव्या शतकातली" म्हणून टाकतात, ती 1856 मधली आहे. मूळची गोल खिडकी होती, पुढे पंधराव्या शतकात ती काढून तिथे उंच मोठी खिडकी बसवली, कारण तेव्हा लोकांना उजेड हवा होता आणि फॅशन बदलली होती, आणि व्हिक्टोरियन काळात बकलर नावाच्या आर्किटेक्टने भिंतीत उरलेल्या जुन्या गोलाच्या खुणा बघून परत गोल बसवली. म्हणजे ती खोटी आहे का? खोटी नाही, पण जुनीही नाही. असं काही आढळलं की वहीत तीन ओळी लिहा, आधी काय होतं, मग काय झालं, मग काय झालं. हा खेळ जमला की तुम्हाला चर्च वाचता येतं.

जुनं-नवं ओळखायचं कसं तर कडा बघा. आठशे वर्षं पावसात असलेल्या कडा साबणाच्या वडीसारख्या झिजलेल्या असतात. अगदी धारदार, एकसारखी, मशीनने कापल्यासारखी नक्षी दिसली की बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. पण या नियमाला इफलीतच अपवाद आहे, म्हणून दक्षिणेच्या दाराकडे या. तिथली नक्षी पश्चिमेपेक्षा खूपच खणखणीत आहे, सिंहाशी झुंजणारा बायबलमधला बलदंड सॅमसन, घोड्यावरून लढणारे योद्धे, फुलं, सगळं स्पष्ट. नवी आहे म्हणून नाही, तर या दारावर बराच काळ पोर्चचं छप्पर होतं म्हणून. तेव्हा झीज कमी दिसली तर आधी वर बघा, छपराच्या खुणा आहेत का, मग निष्कर्ष काढा.

प्रदक्षिणेत अजून शोधायच्या गोष्टी: भिंतीत सरळ उभी फट, म्हणजे तिथे नवं बांधकाम जुन्याला चिकटवलंय. बुजवलेली दारं आणि कमानी. टॉवरच्या भिंतीवर उलट्या व्ही सारखी तिरकी रेघ, ती जुन्या छपराची, छप्पर पूर्वी जास्त उभट होतं आणि नंतर बदललं याचा पुरावा. दक्षिण दाराजवळच्या दगडावर एक भोक आणि त्यातून फाकलेल्या रेघा दिसल्या तर ते सूर्यघड्याळ, भोकात काडी खोचायची आणि सावलीवरून प्रार्थनेची वेळ बघायची. उत्तरेला बुजवलेलं दार दिसलं की कोणीतरी तुम्हाला सांगणारच की हे सैतानाचं दार, बाप्तिस्म्याच्या वेळी सैतान बाहेर जायला ठेवायचे. मला ही गोष्ट काही पटत नाही. पूर्वी सणावारी मिरवणुका एका दारातून निघून दुसऱ्यातून आत यायच्या, सोळाव्या शतकात इंग्लंड प्रॉटेस्टंट झालं आणि मिरवणुका बंद झाल्या, मग वारा येतोय म्हणून उत्तरेचं दार बुजवलं, एवढं साधं असतं ते बहुतेक वेळा.

चर्चयार्डात, म्हणजे चर्चच्या दफनभूमीत, यू नावाचं एक भलं मोठं सदाहरित झाड आहे. चर्चपेक्षा जुनं मानतात. जुन्या यूचं खोड आतून पोकळ होतं, त्यामुळे वर्तुळं मोजून वय काढता येत नाही, तेव्हा कोणी अगदी छातीठोक आकडा सांगितला तर मान डोलवा आणि सोडून द्या.

थडग्यांवरची अक्षरं वाचताना एक कळकळीची विनंती, खडू, पीठ, शेव्हिंग फोम असलं काही फासू नका, दगड खराब होतो. टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने तिरका धरा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. दिवसा उन्हात असाल तर आरसा धरून तिरका कवडसा पाडा.

भिंतीतली बाई

चॅन्सेलच्या दक्षिणेला बाहेरच्या बाजूला जा. तिथे भिंतीत एका बुजलेल्या कमानीची खूण आहे आणि ती अ‍ॅनोराच्या खोलीची आहे असं मानतात. या एका बाईसाठी मी इफलीला परत परत जाते.

अ‍ॅनोरा ही विल्यम द ब्रोझ नावाच्या बड्या सरदाराची मुलगी. हा विल्यम राजा जॉनच्या अगदी जवळचा, मग बिनसलं, आणि बिनसलं म्हणजे असं की 1210 मधे राजाने विल्यमच्या बायकोला आणि थोरल्या मुलाला कैदेत उपाशी मारलं. विल्यम फ्रान्सला पळाला आणि पुढच्याच वर्षी तिथे मेला. ही त्या घरातली मुलगी. तिचं लग्न झालं, नवरा वारला, आणि 1232 मधे ती इफलीला अँकरेस झाली. म्हणजे काय तर चर्चच्या भिंतीला लागून एक छोटी खोली, त्यात आत जायचं आणि मरेपर्यंत बाहेर यायचं नाही. आत जाताना विधी व्हायचा त्यात मृतासाठीच्या प्रार्थना म्हणायचे, कारण जगाच्या दृष्टीने ती बाई मेलीच. एक खिडकी चर्चच्या आत, वेदी दिसावी म्हणून, आणि एक बाहेर, पडदा लावलेली, तिथून लोक सल्ला विचारायला यायचे. 1241 पर्यंत तिचा पत्ता लागतो. तिची बहीण लॉरेटा, लेस्टरची काउंटेस, ती पण केंटमधे कँटरबरीजवळ अशीच भिंतीआड होती.

आणि हे सगळं आपल्याला कळतं कुठून? चर्चच्या कागदांतून नाही. राजाच्या हिशेबांतून. तिसरा हेन्री तिला सरपण, कपडे, धान्य पाठवायचा आणि त्याच्या कचेरीत त्याची नोंद व्हायची. हेन्री कोणाचा मुलगा, तर त्याच जॉनचा, ज्याने हिच्या आईला उपाशी मारलं. ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा मी लॅपटॉप बंद करून चहा करायला उठले.

तर शिकायचं काय, की चर्चचा इतिहास फक्त चर्चच्या कपाटात नसतो, ज्याचे पैसे आले त्याच्या खातेवहीत असतो. इफलीचं चॅन्सेल 1230 च्या आसपास पूर्वेला वाढवलंय आणि अ‍ॅनोरा आली 1232 ला, तेव्हा तिच्याच पैशातून वाढवलं असेल असं म्हणायचा फार मोह होतो. मलाही होतो. पण तारखा जुळणं म्हणजे पावती नव्हे. वहीत लिहिताना "झालं" आणि "झालं असेल" यासाठी दोन वेगळ्या रंगांची पेनं वापरा, मी खरंच वापरते.

आता आत

दार उघडत नसेल तर लगेच परत फिरू नका. लोखंडी कडी असते ती ओढायची नसते, जोर लावून फिरवायची असते, आतला अडसर उचलला जातो. मी दोन चर्चेसना कुलूप आहे समजून परत आलेय, नंतर कळलं की उघडीच होती. खरंच कुलूप असेल तर पोर्चमधल्या नोटीसबोर्डावर किल्ली कोणाकडे आहे ते बहुतेक लिहिलेलं असतं.

आत गेल्यावर डोळे सरावू द्या आणि कमानींचे आकार बघा, कारण तेच तुमचं कॅलेंडर आहे. गोल कमान, जाड भिंत, झिगझॅग म्हणजे नॉर्मन, साधारण 1066 ते 1190. टोकदार अरुंद भाल्याच्या पात्यासारख्या खिडक्या म्हणजे त्यानंतरची साठ-सत्तर वर्षं. खिडकीच्या वरच्या भागात दगडाची पानाफुलांसारखी वळणदार जाळी म्हणजे 1275 ते 1350 च्या आगेमागे. मग 1348-49 ची प्लेगची साथ येते, निम्मी माणसं मरतात, पुष्कळ ठिकाणी काम मधेच थांबलेलं दिसतं, अर्धवट नक्षी तशीच. त्यानंतर सरळ उभ्या दगडी पट्ट्या आणि चपटी कमान असलेल्या मोठमोठ्या खिडक्या, ते सोळाव्या शतकापर्यंत. या तारखा घड्याळासारख्या नाहीत, खेड्यात फॅशन वीस वर्षं उशिरा पोचते, आपल्याकडेही पोचते.

इफलीत टॉवरखाली उभे राहून पूर्वेला बघा. आधी जड, नक्षीदार, बाराव्या शतकातला भाग आणि त्याच्या पलीकडे एकदम हलका, साधा, टोकदार खिडक्यांचा तेराव्या शतकातला भाग. साठ-सत्तर वर्षांत माणसांची आवड केवढी बदलली ते दहा पावलांत दिसतं. फॉन्ट मात्र मोठा, चौकोनी, काळ्या दगडाचा, आणि हा खरंच बाराव्या शतकातला आहे, आजींनो!

चॅन्सेल आणि नेव्ह यांचा खर्च वेगवेगळ्या खिशातून यायचा हे लक्षात ठेवा. चॅन्सेलची डागडुजी रेक्टरची, म्हणजे जो चर्चच्या जमिनीचं आणि धान्याच्या दशमांशाचं उत्पन्न खातो त्याची, आणि नेव्हची गावकऱ्यांची. इफलीचं चर्च बाराव्या शतकाच्या शेवटी सेंट रेमी घराण्यातल्या मुलीने केनिलवर्थच्या मठाला देऊन टाकलं. अशी दानं खूप व्हायची, मठ लांबून उत्पन्न घ्यायचा आणि गावात कमी पगारावर एक पाद्री नेमायचा, त्यालाच व्हिकर म्हणतात. त्यामुळे एखाद्या चर्चमधे चॅन्सेल मोडकळीला आणि नेव्ह झकपक, किंवा बरोबर उलटं दिसलं, तर कारण बहुतेक हेच.

दक्षिण भिंतीत वेदीजवळ छोटा कोनाडा आणि त्याच्या तळाला भोक दिसलं तर ते पूजेची भांडी धुतलेलं पाणी सोडायचं, ते पवित्र पाणी थेट जमिनीत जायला हवं म्हणून. आपल्याकडच्या गोमुखाची आठवण येते. चॅन्सेलच्या कमानीजवळ भिंतीत कुठेच न जाणारा जिना दिसला तर वर पूर्वी एक लाकडी गॅलरी होती, तिच्यावर मोठा क्रूस आणि मूर्ती. सोळाव्या शतकात, विशेषतः 1547 नंतर सहाव्या एडवर्डच्या राज्यात, मूर्ती फोडल्या, चित्रांवर चुना फासला, गॅलऱ्या उतरवल्या, आणि जिने तेवढे राहिले कारण दगड फोडायला मजुरी पडते. चित्रांच्या जागी बायबलची वचनं आणि राजाचं राजचिन्ह आलं. वेदीभोवतीचा कठडा त्यानंतरच्या भांडणातला, 1630 च्या दशकात बिशपांनी हुकूम काढले की कठडा घाला आणि गज इतके जवळ ठेवा की कुत्री आत शिरणार नाहीत. म्हणजे कुत्री शिरत होती हे आपल्याला त्या हुकुमावरून कळतं.

उघड्या दगडाच्या भिंती बघून "किती ओरिजिनल" म्हणू नका. मध्ययुगात आतून गिलावा असायचा, वर रंगीत चित्रं. एकोणिसाव्या शतकात लोकांनी तो खरवडून दगड उघडा केला. याच खरवडण्याला वैतागून विल्यम मॉरिसने, हा डिझाइनर आणि कवी मॉरिस, ऑक्सफर्डचा मोटारवाला मॉरिस वेगळा, 1877 मधे जुन्या इमारती जपायची संस्था काढली, तिला टोपणनावच पडलं खरवड-विरोधी. न खरवडलेलं चर्च कसं दिसतं ते बघायचं असेल तर टेम्सच्या अगदी वरच्या टोकाला, लेचलेडजवळ इंगलशमला जा. छोटंसं आहे, गाव कधीच उठून गेलंय, मॉरिस जवळच केल्मस्कॉटला राहायचा आणि त्याच्या पुढाकाराने 1888-89 मधे इथे फक्त डागडुजी झाली, नूतनीकरण नाही. भिंतींवर शतकांशतकांची चित्रं आणि वचनं एकावर एक अशी आलीत की कुठली कधीची ते डोळे बारीक करून बघत बसावं लागतं. मला इफलीपेक्षा इंगलशम जास्त आवडतं, पण शिकायला आधी इफलीच बरं.

निघण्याआधी इफलीच्या फॉन्टजवळच्या दोन रंगीत काचांच्या खिडक्या बघा. एक चित्रकार जॉन पायपरची, 1995 मधे बसवलेली, त्यात कोंबडा, हंस, कावळा, घुबड आणि कोकरू लॅटिनमधे बोलतात. कोंबडा म्हणतो ख्रिस्त जन्मला, हंस विचारतो क्वांडो क्वांडो म्हणजे कधी कधी, कावळा म्हणतो याच रात्री, घुबड विचारतं उबी उबी म्हणजे कुठे कुठे, आणि कोकरू म्हणतं बेथलेहेम. मोठ्याने म्हणून बघा, त्या त्या प्राण्याचा आवाजच येतो. दुसरी रॉजर वॅग्नरची, 2012 ची. म्हणजे चर्चचं बांधकाम अजून चालूच आहे.

भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या आपण मराठी लोकांनी तर नक्की वाचाव्यात. इंग्लंडच्या खेड्यापाड्यातल्या चर्चमधे कंपनी सरकारात मेलेल्या पोरांच्या पाट्या असतात आणि त्यात मधेच पूना, किर्की, असई अशी नावं भेटतात. पुण्याचा रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर असलेला एल्फिन्स्टन सरेमधल्या लिम्प्सफील्डच्या चर्चयार्डात पुरलाय. घंटांवरही वर्ष आणि ओतणाऱ्याचं नाव असतं, वर जायला परवानगी लागते, पण मेणवलीची 1707 ची घंटा ज्यांनी बघितलीय त्यांना घंटेवरचं वर्ष वाचायची गंमत नव्याने सांगायला नको, ती पोर्तुगीज चर्चमधूनच आलेली आहे.

मग कागद

प्रत्यक्ष बघून झालं की घरी येऊन कागद. पहिल्यांदा हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या संरक्षित इमारतींच्या यादीत चर्चचं नाव टाका, जुनी गावची चर्चेस बहुतेक ग्रेड वन नाहीतर ग्रेड टू स्टार, म्हणजे वरच्या दोन श्रेणींत असतात, तिथे भिंत-खिडकीनिहाय वर्णन फुकट मिळतं. मग ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर त्या काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी या इतिहासमालेचा खंड शोधा, तिथे जहागीर कोणाची, चर्च कोणाला दान दिलं हे सगळं. लेख रटाळ असतात, पण "पैसे कोणी दिले" याचं उत्तर तिथेच.

रजिस्टरं काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमधे. ऑक्सफर्डशायरचं ऑफिस काउलीमधे एका चर्चच्याच इमारतीत थाटलेलं आहे. आधी ईमेल करून काय बघायचंय ते सांगा. लग्न, बाप्तिस्मा, दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने 1538 मधे काढला, पण इतकी जुनी पानं थोड्याच गावांची उरलीत. 1754 पासून लग्नाच्या नोंदी वेगळ्या आणि नियमाने, 1813 पासून छापील फॉर्म, आणि 1837 पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू, त्यामुळे त्यानंतरच्या गोष्टींसाठी चर्चच्या रजिस्टरवर अडून राहायची गरज नाही. 1670-80 च्या दफनांपुढे "अ‍ॅफिडेव्हिट" असं दिसलं तर दचकू नका, मेलेल्या माणसाला लोकरीच्याच कापडात पुरायचं असा कायदा होता, लोकरीचा धंदा चालावा म्हणून, आणि तसं केल्याची शपथ द्यावी लागायची, नाहीतर 5 पौंड दंड.

सगळ्यात मोठा घोळ तारखांचा. इंग्लंडमधे 1752 च्या आधी वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे रजिस्टरमधे डिसेंबर 1700 नंतर जानेवारी 1700 च येतो, आणि "10 फेब्रुवारी 1700" ही तारीख आपल्या हिशेबाने 1701 ची. बाई 1700 च्या मे महिन्यात बाळंत झाली आणि तिचं लग्न फेब्रुवारी 1700 मधे असं वाचलं तर तीन महिन्यांचा हिशेब करून बिचारीवर शंका घेऊ नका, उलट लग्न बाळानंतर नऊ महिन्यांनी झालंय, म्हणजे शंका वेगळीच घ्यायची! आपल्या इतिहासातही हाच घोळ आहे, सुरतेची पहिली लूट जानेवारी 1664 ची, पण इंग्रज वखारवाल्यांच्या त्या वेळच्या कागदांत ती 1663 म्हणून सापडते. शिवाय 1752 मधे कॅलेंडर बदललं तेव्हा 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर उजाडला, त्यामुळे मधल्या अकरा दिवसांत कोणी जन्मलंही नाही आणि मेलंही नाही. वहीत नेहमी दोन्ही वर्षं तिरकी रेघ देऊन लिहायची, 1700/01 अशी.

जुनी चित्रं आणि पोस्टकार्डं शोधायला विसरू नका. व्हिक्टोरियन दुरुस्तीच्या आधीचं एखादं जलरंगातलं चित्र मिळालं की निम्मी भांडणं मिटतात, खिडकी गोल होती की उंच ते समोरच दिसतं. इफलीची तर गिरणीमुळे ढिगाने चित्रं आहेत आणि पुष्कळांत मागे टॉवर डोकावतो, टॉवरचा भाग झूम करून बघा, गिरणी राहू दे बाजूला.

आणि परत एकदा जा, कागद वाचून झाल्यावर. जाताना ढगाळ नसलेली दुपार निवडा, साधारण तीन-चारच्या पुढची, पश्चिमेच्या भिंतीवर ऊन तिरकं येतं तेव्हा त्या चोचवाल्या मुंडक्यांच्या सावल्या लांब होतात आणि सकाळी नुसते गोटे वाटणारे दगड अचानक तुमच्याकडे बघायला लागतात.